सिरका ताडकळसचा, शिपिंग वेगळं

आमच्या दुकानाच्या माळ्यावर रिकाम्या खोक्यांची थप्पी पत्र्याला टेकलीय. बायको दर अमावस्येला झाडू घेऊन खाली उभी राहते आणि विचारते, "ही रद्दीत कधी घालायलाव?" मी म्हणतो, घालू. पण किस्से असेच साठतात बघा. एक काढायला जावं तर वरचे चार अंगावर येतात! आता तुम्ही बसलाच आहात, चहाही सांगितलाय, तर काढतोच एकेक.

आधी माणसं सांगतो. ताडकळसला माझं झेरॉक्स, स्टेशनरी आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. नाव वैजनाथ, पण अख्खं गाव वैजूअप्पा म्हणतं. मला राग लवकर येतो, आणि मोबाइलवर 'शिपिंग वेगळं' असं दिसलं की जरा जास्तच लवकर येतो. माझ्या दुकानात बसणारे कदम सर, शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. दुसरे हमीदभाई, परभणी-ताडकळस ऑटो चालवणारे. आणि या सगळ्याचं मूळ म्हणजे गिरिजाक्का.

अक्काचा नवरा माणिकराव. त्यानं शेताच्या बांधावर हौसेनं जांभळी लावल्या, आणि फळ धरायच्या आत गेला बिचारा. आता त्या झाडांखाली उन्हाळा सरताना जांभळांचा चिखल होतो. जांभूळ तोडलं की दुसऱ्या दिवशी त्याचा भरोसा नाही, परभणीच्या बाजारात पोहोचेपर्यंत निम्मी टोपली गळायला लागते. अक्काचा धाकटा दीर गुणवंतराव बांधाखाली हळद लावतो. त्याचं म्हणणं, सावलीनं हळद बसते, झाडं काढा. अक्का म्हणाली, "त्यांच्या हातची झाडं हायत. मी जित्ती हाय तोवर करवत लागू देणार न्हाई!"

ती परभणीला फळप्रक्रियेच्या ट्रेनिंगला जाऊन आली आणि म्हणाली, जांभळाचा सिरका करायचा. गुणवंतरावानं अट घातली. "दिवाळीपस्तोर बाहेरची एक तरी ऑर्डर आणून दाखवा, वैनी. न्हाई आली तर मी आरामशीनवाल्याला बोलावणार." नुसतं बोलून थांबला नाही. त्याच दिवशी झाडांच्या बुंध्यांना तोडायच्या खुणेचे चुन्याचे पट्टे मारून आला. तेव्हापासून दीर-भावजय एका घरात राहतात, एका चुलीवरचं खातात, पण एकमेकांशी बोलत नाहीत!

सिरका करायचा तर रसाची आधी वाइन होते, मग सिरका. कदम सर म्हणाले, "गाडी दारूच्या स्टेशनावरूनच जाते. आपण तिथं उतरायचं नाही, एवढंच!" त्यामुळं सामान सगळं घरी वाइन करणाऱ्यांचं. यीस्ट, काचेची अरुंद तोंडाची बरणी, तिच्या बुचात खोचायची पाण्याची नळी, रसातली साखर मोजायचं यंत्र, बुचं. परभणीत मिळेना, म्हणून ऑनलाइन. आणि आमच्या चौघांत दारूला शिवलेला एकही माणूस नाही! माझ्या गळ्यात लिंग, हमीदभाई पाच वेळचे नमाजी, सरांना साध्या चहानं पित्त होतं, आणि अक्का तर खोकल्याच्या औषधाचाही आधी वास घेते.

०००

पहिली ऑर्डर यीस्टची. पुडी केवढी, तर गुटख्याच्या पुडीपेक्षा लहान. मी वस्तू निवडली, पत्ता टाकला, आणि खाली आकडा बघून खुर्चीतून उठलो. शिपिंग पुडीच्या तिप्पट!

मी तडक कस्टमर केअरला फोन लावला. एक पोरगी गोड आवाजात शुद्ध मराठीत बोलायला लागली. मी म्हणालो, "बाई, एवढीशी पुडी, तिला काय एसीच्या डब्यातून आणता? का सोबत दोन पोलीस देता?"

ती म्हणाली, "सर, आपला पिनकोड रिमोट एरियात येतो."

'रिमोट' म्हटल्यावर माझं डोकंच सरकलं. मी म्हणालो, "रिमोट कुणाला म्हणायलाव? आमच्या गावाला बँक हाय, बाजार भरतो, परभणीहून गाड्या येतात, रस्ता तर आरशासारखा हाय! तुमी तिकडं मुंबईत बसून काय बी बोलाल? कधी बघितलाय का आमचा रस्ता?"

मग ती हळूच म्हणाली, "अप्पा, मी आपल्या परभणीजवळच्या पोखर्णीची हाय. तुमचा रस्ता मला चांगला माहीत हाय. त्या मानानं शिपिंग कमीच लावलंय!"

मी गुमान पैसे भरले.

०००

ते पहिलं खोकं आलं ते नेमकं सोमवारी. आमच्याकडं सोमवारी पूजेला जंगमस्वामी येतात. पूजा उरकून स्वामी पाटावर टेकलेले, आई समोर हात जोडून बसलेली, आणि दारात कुरिअरवाला ओरडला, "वैजनाथअप्पा, तुमचं वाइनचं पार्सल आलंय!"

तो नुसता ओरडला असता तरी चाललं असतं. पण बाजारपेठेतून विचारत विचारत आला होता, "वाइनवाले वैजूअप्पा कुठं राहत्यात?" त्यामुळं त्याच्यामागं आमची अर्धी गल्ली आलेली. खोक्यावर लाल अक्षरं, बाजूला द्राक्षांच्या घडाचं चित्र आणि एक भरलेला पेला!

आईनं पदर तोंडाला लावला. "सात पिढ्यांत असं झालं न्हाई रे वैज्या! महादेवाच्या दारात काय आणलंस हे?" मी सिरक्याचं सांगायला लागलो, ट्रेनिंगचं सांगायला लागलो, सरांची ती स्टेशनाची गोष्टसुद्धा सांगितली. जेवढं सांगावं तेवढी गल्ली जास्तच मान हलवत होती.

स्वामींनी शांतपणे खोकं पुढं ओढलं. ते फिरवून फिरवून बघितलं. आतली पुडी काढून तळहातावर तोलली. मला वाटलं, झालं, आता आपलं जातीत उठणं-बसणं बंद!

स्वामी म्हणाले, "शिपिंग किती पडलं?"

मी आकडा सांगितला.

"लुटायलेत लेकाचे!" स्वामींनी पुडी परत खोक्यात ठेवली. "मला भस्माचे गोळे मागवायचेत. गेल्या वेळी मलाबी असंच पडलं होतं. पुढच्या वेळी तुमी मागवायच्या आधी सांगा अप्पा, दोघं मिळून मागवू!"

तेव्हापासून आमचा रिवाजच पडला. कुणालाही काहीही मागवायचं असलं की माझ्या दुकानात सांगायचं, सगळ्यांचं एकत्र मागवायचं. पुढच्या खोक्यात वर स्वामींचं भस्म आणि खाली वाइनची बुचं आली. आईनं ते खोकं पाया पडून उघडलं.

०००

एकत्र मागवायला लागलो तसा नवीन आजार सुरू झाला. अमुक रकमेच्या वर खरेदी केली की शिपिंग फुकट! मग काय, ती रक्कम गाठायचीच असा मी चंग बांधला. थोडं कमी पडलं की आणखी काहीतरी टाकायचं. असं करता करता बुचंच एवढी झाली की अख्ख्या ताडकळसला पुरून उरावीत. सरांच्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली बूच, हमीदभाईंच्या ऑटोच्या सीटखाली बूच, अक्काच्या तेलाच्या बाटल्यांना बुचं. देवळातल्या समईच्या तेलाच्या बाटलीला लागलं तेही आमचंच. फुकट शिपिंगची माझी जिद्द, बाकी काही नाही!

एकदा अशीच ऑर्डर भरत होतो आणि थोडक्यात अडलं. सर म्हणाले, बुचं नकोत आता. हमीदभाई म्हणाले, "अब बुचा नक्को अप्पा, घर में पानी के घडे को भी बुच लगाए हम!"

बायको मागं भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "एवढ्यासाठी डोकं कामून खाजवायलाव? त्यात माझी एक साडी टाका. बरोबर बसंल."

बसली की हो! रक्कम चांगली वर गेली. मी टाळी वाजवली, बटण दाबलं. आणि मग खाली बारीक अक्षरात आलं ते मी मोठ्यानं वाचलं. साडीवाला विक्रेता वेगळा, साडीचं शिपिंग वेगळं!

बायको भाजी घेऊन आत गेली आणि आतून म्हणाली, "आता दाबलंच हाय तर राहू द्या."

०००

हमीदभाईंचा एक लहानसाच आहे, पण सांगतो.

कुरिअरवाल्या पोराची मोटारसायकल परभणीच्या बाहेरच पंक्चर झाली. तो पाठीवरचं भलंमोठं ओझं घेऊन रस्त्याच्या कडेला उभा, आणि हमीदभाईंचा ऑटो मागून आला. त्याला बसवलं, ताडकळसला आणलं, दुकानापुढं उतरवलं आणि हात पुढं केला. "भाडा निकालो."

पोरगा म्हणाला, "भाई, तुमचंच पार्सल आणायलोय की मी! तुमच्याकडूनच कसं भाडं घ्यायलाव?"

"हौ, मालूम है," हमीदभाई म्हणाले. "आमी शिपिंग भरलं का न्हाई? माल आणला कुणी? मंग त्यातलं माझं वापस दे!"

पोरानं मुकाट्यानं भाडं दिलं. शिपिंगचे पैसे परत मिळालेला आमच्या पंचक्रोशीतला हा एकच माणूस!

०००

रसातली साखर मोजायचं यंत्र म्हणजे काचेची लांबट नळी. खाली फुगीर, आत कागदावर आकडे. रसात सोडली की तरंगते, आणि किती बुडाली त्यावरून साखर कळते. पहिली आली ती फुटून, दुसरीही फुटून. तिसरी धड आली तेव्हा अक्कानं तिला फडक्यात गुंडाळून देवळीत ठेवलं आणि घरात बजावलं, कुणी हात लावायचा नाही.

अक्काच्या सासूबाई, गुणवंतरावाची आई, वयानं थकलेल्या. त्यांना दुपारी अंगात कसकस वाटली. घरात विचारायला कुणी नाही. देवळीतल्या फडक्यात काचेची नळी सापडली, ती त्यांनी काखेत धरली आणि निजून राहिल्या.

गुणवंतराव शेतातून आला. आईच्या काखेत नळी बघून त्यानं काढली, उजेडात धरली आणि आकडा वाचून पांढराफटक पडला. आकडा हजाराच्या वर! अक्का तोवर पाणी घेऊन आली होती. पण बोलणं बंद ना! मग हा भिंतीकडं तोंड करून ओरडला, "आईला हजाराच्या वर ताप चढलाय म्हणून कुणी तरी सांगा घरात! ऑटो बोलवा!"

हमीदभाई ऑटो घेऊन आले. म्हातारीच्या कपाळावर हात ठेवला, नळी बघितली. "दादा, हजार बुखार है तो चूल कायको जलाते? माँजी के अंगपरच भाकर सेंक लेव!"

तेवढ्यात अक्काच्या लक्षात आलं. तीही भिंतीकडंच बघून म्हणाली, "ते रसात बुडवायचं हाय. माणसाला लावायचं न्हाई!"

सासूबाई उठून बसल्या. म्हणाल्या, "आधी सांगू नये का? दोघंबी भिताडाला सांगायलेत. मी कुठं भिताडात राहते?"

ताप तर नव्हताच. हमीदभाईंनी मला सांगितलेली खरी गोष्ट पुढची आहे. नळी गुणवंतरावाच्या हातातच होती. मग खांद्यावरच्या उपरण्यानं त्यानं ती पुसली, फडक्यात गुंडाळली आणि तान्ह्या लेकराला ठेवावं तशी परत देवळीत ठेवली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस वाटतो तेवढा दगड नाही. पण दसऱ्याला, पावसानं धुऊन गेलेले चुन्याचे पट्टे त्यानं जाऊन परत मारलेच.

०००

आता बरणी. ही मोठी, काचेची, अरुंद तोंडाची, हंड्याएवढी. तिचं शिपिंग बघून मला घाम फुटला. परत फोन. या वेळी दुसरा कुणी होता.

"सर, मोठ्या वस्तूला बॉक्सच्या मापावर चार्ज लागतो. वजनावर नाही."

"म्हणजे आतल्या हवेचं भाडं घ्यायलाव?"

"तसंच समजा, सर."

"मग हवा काढून पाठवा की! आमच्याकडं हवा लय हाय!"

तरी मागवली. आली ती वाजतच आली. खोकं हलवलं की आत खळखळ, जणू बांगड्यांचं दुकान! पैसे परत मिळाले, शिपिंग नाही मिळालं. मी म्हणालो, दुसरी मागवू. सर म्हणाले, थांबा, हिशेब करू. आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. जांभळं पिकायला आलेली, आणि आमचा हिशेब काही संपेना.

अक्का पायरीवर बसून ऐकत होती. ती उठली. "तुमी बसा हिशेब करीत. दुकान कुठं हाय त्याचं, तेवढं सांगा."

"नाशिकला."

"मी जाते आणि घेऊन येते!"

गेली खरंच! एकटी. नाशिकला कधी पाऊल नाही टाकलेलं, पण गेली. परत येताना बरणी गोधडीत गुंडाळून उराशी धरली, वरून पदर झाकला आणि रेल्वेत उभी राहिली. गर्दी ही मरणाची. पण एका बाईनं बघितलं आणि उठून जागा दिली. "बसा मावशी, लेकरू घेऊन किती उभं राहाल?" अक्का बसली. दुसरीनं खिडकी दिली. तिसरी म्हणाली, "हलू बोला गं, झोपलंय."

मनमाड गेलं, संभाजीनगर गेलं, जालना गेलं. लेकरू रडेना की दूध मागेना. शेजारणीला कौतुक वाटायला लागलं. म्हणाली, "लय गुणी हाय हो! नातू का नात?"

अक्का म्हणाली, "अजून ठरलं न्हाई."

तेवढ्यात तिकीट तपासणारा आला. अक्कानं आपलं तिकीट दाखवलं. त्यानं गोधडीकडं बघितलं, बायांकडं बघितलं. सगळ्या बायांनी ओठावर बोट ठेवलं! तो बिचारा चवड्यावर चालत पुढं गेला.

परभणी स्टेशनावर आम्ही तिघं घ्यायला गेलो होतो. अक्का उतरली, गोधडी सोडली, बरणी फलाटावरच्या बाकावर ठेवली आणि बोटानं वाजवून दाखवली. टण्ण! कुठं साधा चरा नाही. "बघा अप्पा," ती म्हणाली, "शिपिंग फुकट!"

मागं गाडी हलली होती. खिडकीतल्या त्या बायांची तोंडं मला आजही आठवतात.

०००

आता शेवटचा सांगतो, माझी गिऱ्हाइकं यायची वेळ झालीय.

जांभळं पिकली, रस काढला, अक्काच्या घरात बरणी बुडबुडली. गाडी दारूच्या स्टेशनावरून गेली, कुणीही उतरलं नाही, आणि गणपती होईपर्यंत सिरका तयार झाला. रंग असा की बाटली उन्हात धरावी आणि बघत राहावं. सरांनी चमचाभर घेतला, डोळे मिटले आणि पित्त विसरून म्हणाले, "अक्का, हे बाजारात जाणार!" अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "ते असते तर आज सगळ्या गावाला वाटत फिरले असते." मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू?

मी फोटो काढला, लेबल केलं, बाटली ऑनलाइन विकायला लावली. आणि बाहेरच्या ऑर्डरची वाट बघत बसलो.

आता गंमत बघा. काचेची बाटली, वजनाला भारी, फुटू नये म्हणून खोकं मोठं. म्हणजे हवेचं भाडं आलंच! माणसं यायची, सिरका बघायची, टोपलीत टाकायची. पुढं शिपिंगचा आकडा दिसला की पळून जायची! अक्का रोज दुकानात यायची.

"आली का, अप्पा?"

"टोपलीत टाकून गेले, अक्का."

"कामून?"

"शिपिंग बघून."

मला त्या लोकांचा राग यायचा, पण कुठल्या तोंडानं बोलू? वर्षभर मी दुसरं काय केलं होतं?

दिवाळी तोंडावर आली. घराघरात सारवणं सुरू झाली. एक दिवस आरामशीनवाला गुणवंतरावाच्या ओट्यावर चहा पिताना दिसला. अक्का त्या दिवशी दुकानात आली, पण विचारलं नाही. नुसती पायरीवर बसली. म्हणाली, "म्या अजून हारले न्हाई. दिवाळी कुठं झालीय?" तिचा आवाज मात्र बसलेला होता. मी तिच्याकडं बघू शकलो नाही, म्हणून उगीच मशीनमध्ये कागद भरत राहिलो.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मोबाइल वाजला. ऑर्डर! एक बाटली नाही, अख्खं खोकं. पैसे भरलेले. शिपिंगसकट, पूर्ण! मी एवढ्यानं ओरडलो की समोरचा पानवाला धावत आला. हमीदभाईंनी ऑटो बंद केला, सर चष्मा पुसत आले, अक्का उठून उभी राहिली.

"कुणाची हाय? कुठून हाय?"

मी नाव बघितलं, परत बघितलं. मग मोबाइल सरांपुढं धरला.

सरांनी वाचलं. "गुणवंत. राहणार ताडकळस."

मग सर म्हणाले, "चुकून दाबलं असेल हो. रद्द करू." हमीदभाई म्हणाले, "अक्का, घर के अंदरच दे डालो. शिपिंग का पैसा वापस करो, नुकसान कायको?"

अक्का मोबाइलकडं बघत होती. "ऑर्डर हाय का न्हाई, अप्पा?"

"हाय."

"पैसे भरलेत?"

"शिपिंगसकट."

"मग मधी कामून बोलायलाव? बांधा खोकं!"

तिनं स्वतः बांधलं. खाली सोयाबीनचं भुसकट, प्रत्येक बाटलीला जुन्या लुगड्याची पट्टी. कुरिअरवाला माझ्या दुकानातून घेऊन गेला. खोकं परभणीला गेलं, तिथून संभाजीनगरला गेलं, एक दिवस तिथंच बसलं, मग परत परभणीला आलं. आम्ही मोबाइलवर बघत होतो. अक्काच्या मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत जायचं खोकं तीन जिल्ह्यांचं पाणी पिऊन आलं! अक्कानं घरात त्याचा शब्द काढला नाही. गुणवंतरावानंही काढला नाही.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आम्ही तिघं फराळाच्या निमित्तानं अक्काच्या ओट्यावर जाऊन बसलो. निमित्तच होतं ते, सगळ्यांना माहीत होतं. गुणवंतराव अंगणात बादलीत ब्रश बुडवून त्याला चिकटलेला जुना चुना खरवडत होता, आमच्याकडं न बघता. सासूबाई दारात बसलेल्या. अक्का आत चकल्या तळत होती.

गुणवंतरावाचा फोन वाजला. कुरिअरवाला नवीन असावा, त्याला पत्ता सापडत नव्हता.

"हां, बोला," गुणवंतराव मोठ्यानं बोलायला लागला. "हौ, मीच गुणवंत... न्हाई न्हाई, गावात शिरूच नको. फाट्यावरून सरळ शेताकडं ये. बांधावर जांभळी दिसत्याल. लय मोठ्या हायत, लांबून दिसत्यात. त्याच्याखाली थांब, मी आलो... कोणती? चुन्याच्या पट्ट्यांची, हां, तीच..."

आत तेलाचा आवाज थांबला. अक्का झारा हातात घेऊन दाराशी आली.

गुणवंतरावानं बादली उचलली. ब्रश आत टाकला. या वेळी तो भिंतीकडं बघत नव्हता.

"पट्ट्यांवर जाऊ नको, भाऊ," तो फोनमध्ये म्हणाला, "ते पुसायलाच निघालोय मी. जांभळी तेवढ्या ध्यानात ठेव. पुढच्या वेळीबी तुला तिथंच यायचंय!"